पात्याचा दाणा

मटणवाल्यानं सुरी आणून ऐरणीवर टाकली. धारेचा कपचा उडाला होता. "मटणातनं गिऱ्हाईकाच्या हिरडीत घुसला की हो! परत असं झालं तर तुमचं आमचं संपलं, पावणं." शिवाजी पेठेतला हा माणूस वर्षानुवर्षं माझ्या नवऱ्याला मामा म्हणत आला. ते 'पावणं' मला त्या कपच्यापेक्षा जास्त लागलं.

आमची भट्टी कसबा बावड्याच्या रस्त्याला. हे ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांतून सुऱ्या घडवतात, मी भट्टीचा पंखा फिरवते. पातं तापवून बुडवलं की कडक होतं. त्याला पाणी देणं म्हणतात, बुडवायचं तेलात असलं तरी. कमी तापलं तर धार टिकत नाही, जास्त तापलं तर काचेसारखं फुटतं. किती तापलं ते रंगावरून ओळखायचं, आणि त्यात ह्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

खोट शोधायला एक पातं मुद्दाम मोडलं. चांगलं पातं मोडलं की तुटल्या जागी लोखंडाचा दाणा मैद्यासारखा बारीक दिसतो. इथे सरळ रवा. म्हणजे जास्त तापलेलं.

"लोखंडात राम ऱ्हायला न्हाय," हे म्हणाले. राखून ठेवलेला जुना पाटा काढला. रवाच. तेल बदललं, तरी रवा. मग दोष छपरातल्या नव्या प्लॅस्टिकच्या पत्र्यावर गेला. उजेडात रंग फिका दिसतो, म्हणून जास्त तापवलं जातं. पटण्यासारखं होतं, तरी मी चिडवलंच, "नाचता येईना, अंगण वाकडं!" हेही हसले. पत्र्यावर ताडपत्री टाकून अंधार केला, पुन्हा एक पातं तापवून बुडवलं आणि मोडलं. तरी रवाच. ह्यांनी तुकडा डोळ्यांशी नेला, मग अंगठ्यानं चाचपला. बघायची गोष्ट हे चाचपत होते. माझं हसू तिथंच गेलं.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या स्पीकरमधलं चुंबक तारेला बांधून आणलं. लोखंड हवं तेवढं तापलं की चुंबक त्याला धरत नाही. ही नवशिक्यांची युक्ती, ह्यांनीच कधीतरी सांगितलेली. वाटलं, भडकतील. भडकले नाहीत, त्याचीच मला भीती वाटली.

चुंबक चिकटत राहिलं, आणि मग सुटलं.

"आवं, झालं. काढा."

"अजून काळंच हाय की."

मला ते केशरी दिसत होतं. "काढा म्हणते न्हवं!"

काढलं, बुडवलं, निवल्यावर मोडलं.

"कसा हाय दाणा?" आजवर ह्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं.

क्षणभर वाटलं, रवा म्हणावं. लोखंडाला, तेलाला, कुणालाही दोष देऊ, पण ह्यांचे डोळे तेवढे राहू देत. पण मग पुढच्या सुरीचा कपचा कुणाच्या तरी तोंडात गेला असता.

"मैदा हाय," मी म्हणाले.

राजारामपुरीतले डॉक्टर म्हणाले, शुगरनं डोळ्यांचा पडदा खराब झालाय, गेलेली नजर परत येत नाही. आता रंग मी सांगते, घडवतात हे.

नवी सुरी न्यायला मटणवाला आला. नखावर धार बघून खूश झाला. "मामा, नजर हाय तुमची! रंग वळखावा तर तुमीच."

"व्हय," हे म्हणाले आणि सुरी गुंडाळायला कागद शोधू लागले. कागद समोरच होता. मी तो उचलून त्यांच्या हातात दिला.