निनावी अभिप्राय

“हे तूच लिहिलंयस ना?”

ताईंनी कागद माझ्या टेबलावर ठेवला. माझं वाक्य पिवळ्या पेनने रंगवलेलं. चेहरा हसरा, आवाज गोड.

“तुमच्या लोकांना डोक्यावर बसवलं की हेच होतं. मीच घेतलं तुला इथे, आणि माझ्याच अंगावर येतेस?”

शेजारच्या टेबलावरची हेलन, मराठीचा गंधही नसलेली, कौतुकाने म्हणाली, “हाऊ लव्हली, यू टू हॅव युअर ओन लँग्वेज!” ताई हसल्या. ऑफिसात सगळेच हसले. मीसुद्धा हसले, त्याची आजही लाज वाटते.

इंग्लंडमध्ये, स्लाऊजवळच्या एका कॉलेजात मी लॅब टेक्निशियन आहे. ताई माझ्या मॅनेजर, पुण्याच्या. मॅडम नको, ताई म्हण, असं त्यांनीच सांगितलेलं. पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये त्यांनी आडनाव विचारलं. मग गाव. मग, घरात फोटो कोणाचा लावता? मी म्हटलं, “बाबासाहेबांचा.” “अच्छा,” म्हणाल्या. त्यानंतर एकाही ट्रेनिंगच्या यादीत माझं नाव आलं नाही. माझ्यामागून आलेली दोघं मशीन चालवायला शिकली. मी बाटल्या धूत राहिले.

यंदा कॉलेजला ‘उत्तम कामाची जागा’ असा दर्जा मिळवायचा होता. तपासणारे बाहेरून येणार. त्याआधी सगळ्या स्टाफने फॉर्म भरायचा. निनावी आहे, मोकळेपणाने लिहा, असं ईमेलमध्ये तीनतीनदा. मी भोळी. लिहून टाकलं, इथे माझी जात बघून मला काम दिलं जातं. उत्तरं मॅनेजरच्याच हातात पडणार आणि अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये हे दुसरं कोण लिहिणार, हे डोक्यातच आलं नाही.

“तपासणीच्या मुलाखतीसाठी तुझं नाव निघालंय,” त्या कागदावर बोट ठेवून ताई पुढे म्हणाल्या. “गैरसमज झाला होता, म्हणून सांग. जुलैमध्ये करार संपतोय ना तुझा? तुमचा सगळ्यांचा व्हिसा त्याच्यावरच. मुलगी पण शाळेत छान रुळलीय म्हणे.”

मुलीच्या शाळेचं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

तो आठवडाभर ताई रोज माझ्या टेबलाशी येऊन थांबायच्या. नुसत्या थांबायच्या. नवरा म्हणाला, “एवढं एकदा गिळ गं. जुलैनंतर बघू.” मला त्याचाही संताप आला. आजवर काय कमी गिळलंय मी?

मुलाखतीच्या खोलीत मॅनेजर लोकांना बंदी होती. पण दार काचेचं. बाहेर ताई उभ्या, हसऱ्या चेहऱ्याने. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, “इथे तक्रार करायची भीती वाटते का?”

मी ताईंची वाक्यं आधी मराठीत म्हटली, जशीच्या तशी. मग एकेक इंग्रजीत सांगितलं. मुलीच्या शाळेचंसुद्धा.

बाईंचं पेन थांबलं. “हे त्या कुठे बोलल्या?”

“सगळ्यांसमोर. भर ऑफिसात.”

बाहेर आले तर ताईंनी दंड धरला. “काय सांगितलंस?”

“तुम्ही बोललात तेच.”

त्यांनी हात सोडला. हसू गेलं होतं. “बघू मग जुलैमध्ये,” म्हणाल्या.

जुलै यायचाय. करार जाईल, व्हिसाही जाईल कदाचित. रात्री झोप लागत नाही, खोटं कशाला बोलू? गेला तर सामान बांधीन. पण त्या दर्जाची पाटी माझ्या गप्प बसण्यावर लागणार नाही. लागलीच, तर तिच्याखाली उभी राहून हे सगळं पुन्हा सांगेन.