टेंभरं मोजायची नाहीत

मी शाळेत कधीच पहिली आले नाही.
शेवटचीही आले नाही.

आमच्या शाळेत नंबरच नव्हते. ज्यांनी ते ठेवले नाहीत, त्या आमच्या सुमनबाई आज पहाटे गेल्या.

मला पोस्ट लिहायची सवय नाही. पण शाळेतला आमचा प्रकाश म्हणाला, "तूच लिही वंदना. मी लिहीन तं संपणारच नाई." म्हणून लिहिते आहे.

नागभीडच्या पुढे, जंगलाला लागून आमची शाळा. खाजगी, पण लहान. कवेलूच्या छपराचे वर्ग, एक मोठी ओसरी, मागे धानाची एक बांधी, म्हणजे भाताचं खाचर.

पावसाळ्यात सगळी शाळा त्या बांधीत रोवणीला. बाई साडी खोचून पुढे, आम्ही मागे. चौथीतल्या पोरीची ओळ सरळ आणि दहावीतल्या पोराची वाकडी, असं खूपदा व्हायचं.
बाई त्याला म्हणायच्या, "तिले इचार, कशी लावते." विषय संपला.

परीक्षा व्हायच्या. पेपरवर मार्क नसायचे, बाईंच्या अक्षरात दोन ओळी असायच्या. माझ्या पेपरवर बहुतेक एकच गोष्ट: छान. वर्गात पण बोलत जा.

आणि एप्रिलमध्ये, शेवटच्या दिवशी, रिझल्टऐवजी टेंभरं.

तेंदूच्या झाडाची ती पिवळी, गोड, दाताला चिकटणारी फळं. आदल्या दिवशी जंगलातून टोपली भरून आणायची. मग ओसरीत गोल बसायचं. वर्षभरात ज्याच्याकडून काही शिकलो त्याला एक टेंभरू द्यायचं, आणि काय शिकलो ते सगळ्यांसमोर सांगायचं.

सुरुवातीला आम्ही काय केलं? टेंभरं खिशात ठेवली आणि मोजत बसलो.
"माह्याजवळ जास्त हायेत!"
"तुले तं एकच भेटलं!"
एक पोरगा रडायलाच लागला.

बाईंनी कपाळावर हात मारला. "अरे पोट्टेहो, हा तं नंबरच झाला! खाऊन टाका. आत्ताच्या आत्ता."

तेव्हापासून नियम. टेंभरू मिळालं की तिथेच खायचं. मोजायचं नाही.

मी पाचवीत असताना नेमके टेंभरांच्याच दिवशी बाबा शाळेत आले. बाबा एसटीत कंडक्टर. ब्रह्मपुरीच्या एका मोठ्या शाळेत माझं नाव घालायचं त्यांनी ठरवलं होतं.

"जय भीम बाई. पोरीचा दाखला पाह्यजे."
"काऊन भाऊ? आमचं काही चुकलं का?"
"चुकलं नाई. पण पोरगी पुढं हाये का मांगं हाये, मले कसं समजन?"
"कोणाच्या पुढं, भाऊ?"

बाबा उभेच होते. म्हणाले, "बाई, तुमाले नंबर नाई लागत. आमाले लागते. मी शिकलो म्हून ही खाकी अंगावर हाये. नाई तं बापासारखा दुसऱ्याच्या बांधीत असतो."


"खरं हाये भाऊ," बाई म्हणाल्या. "दाखला देते. पण आज बसा. टेंभरं खाऊन जा."

मला शाळा सोडायची नव्हती.
पण ते मी कोणाला सांगितलं नाही. मी कुठे काही बोलायचे.

गोल सुरू झाला. कोणी कोणाकडून सायकल शिकलं होतं, कोणी भागाकार, कोणी मासोळी साफ करायला. टोपली रिकामी होत आली. माझं नाव कोणी घेत नव्हतं. बाबा खांबाला टेकून बघत होते. मला वाटलं, झालं. आता उठतील.

मग प्रकाश उठला. शाळेतला सगळ्यात बडबड्या पोरगा.
"मी वंदनाकडून गप बसाले शिकलो."

सगळी ओसरी हसली.
"कधी शिकला रे? आमाले तं दिसला नाई!"
बाबांचा चेहरा उतरला.

बाई हसल्या नाहीत. "नीट सांग रे."

"मी पंधराचे पहाडे म्हणतानी अटकलो का सगळे ओरडते, बाई. वंदना नाई ओरडत. बाजूले बसून राह्यते. मंग मले आपोआप येते. आता लहान पोट्टे अटकले का मी बी नाई ओरडत."

त्याने माझ्या हातावर टेंभरू ठेवलं.

बाबा आले आणि माझ्या बाजूला, खाली बसले. हात पुढे केला. "अर्धं दे."

खाल्लं. बी तळहातावर काढली. मग बाईंना म्हणाले, "एक साल पाह्यतो."

पुढे दहावीपर्यंत दर एप्रिलला बाबा ड्यूटी बदलून यायचे. "दाखला न्याले आलो, बाई," म्हणायचे, गोलात बसायचे, टेंभरं खायचे आणि "एक साल पाह्यतो" म्हणून निघायचे.

दहावी झाल्यावर बाईंनीच त्यांच्या हातात दाखला दिला.
बाबा म्हणाले, "आता मांगितला नाई तं देऊन राह्यल्या!"
तेवढं मोठ्याने हसताना मी बाईंना कधी पाहिलं नव्हतं.

मी आता ब्रह्मपुरीला नर्स आहे. घाबरलेल्या पेशंटजवळ न ओरडता बसून राहणं, एवढं मला चांगलं येतं. ते येतं हे मला पाचवीत कळलं.

आज बाईंना त्याच ओसरीत ठेवलं होतं. बाबांचे गुडघे दुखतात, मी त्यांना म्हटलं होतं उन्हात येऊ नका. ते आले. रुमालात टेंभरं बांधून आणली होती.

एक बाईंच्या पायाशी ठेवलं. आयुष्यभर भरल्या गाडीत ओरडलेला आवाज त्यांचा. आज मला, शेजारी उभी असून, जेमतेम ऐकू आला.

"एक साल अजून पाह्याचं होतं, बाई."

उरलेली टेंभरं त्यांनी आम्हाला वाटली. प्रकाश माझ्या बाजूला बसला होता. एक शब्द बोलला नाही. आम्ही ती तिथेच खाल्ली.

मोजली नाहीत, बाई.

तुमच्या सगळ्या पोरांचा तुम्हाला नमस्कार.