सोडचिठ्ठीचा कागद

भंडाऱ्याच्या कोर्टाबाहेर मी अर्ज टाइप करतो. शेजारच्या टेबलावर एक वयस्कर गृहस्थ स्टॅम्प पेपर विकतात. कोणी सोडचिठ्ठीसाठी कागद मागितला की त्यांचं उत्तर ठरलेलं, "संपले जी." ड्रॉवर भरलेला असतो. मग चष्मा पुसत पुसत सांगतात, "तो कागद कोर्टात चालत नाई. आत मध्यस्थी करून देतेत, तिथं जा. फुकट हाय." रोज ऐकून ऐकून मलाही ते खरंच फुकट वाटायला लागलं होतं.

परवा आसगावची एक बाई परत आली. त्यांनीच तिला आत पाठवलं होतं.

"फुकट कायचं, भाऊ? चार तारखा झाल्या. चार दिवस धानाच्या रोवण्याची मजुरी बुडाली. अन् तारखेवरून घरी गेलं का नवरा मारते."

त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "रोवणा झाल्यावरची तारीख मागून घेऊ. मी येतो सोबत."

"तवरी मी राहू कुठी?"

त्यांनी ड्रॉवर ओढून उघडला. ती बसस्टँडकडे निघाली.

तिच्या मागच्या माणसाला भाडेकरारासाठी कागद हवा होता. ड्रॉवर उघडाच होता. त्याच्याकडे न बघता ते म्हणाले, "संपले जी."