भोकं पाडलेल्या भाकरीचं वाण

सासुरवाडीत माझा शब्द कधीच खाली पडत नाही. याचा मला आजवर एकदाच त्रास झाला, पण तेवढा पुरला.

गोष्ट सत्तर सालानंतरच्या एक-दोन वर्षांतली. मी तेव्हा नगरला एका कचेरीत कारकून होतो आणि माझं पोट बेकरीवर चालत होतं. सकाळी पाव, दहाला खारी, दुपारी शेव, चार वाजता चहात बुडवलेली मैद्याची बिस्किटं. माझी बायको शालन कोल्हारच्या शेतकऱ्याची लेक. लग्न होऊन आली तेव्हा तिने पहिल्याच सकाळी ज्वारीच्या भाकरी थापल्या होत्या. मी म्हणालो होतो, "अगं, आपण आता नगरात राहतो." (नगर म्हणजे जणू विलायतच!) तेव्हापासून बिचारी वनस्पती तुपातले पराठे आणि साखर पेरलेला पाव करायला शिकली. मी ते चवीने खात गेलो आणि दोन वर्षांत मला असे आंबट ढेकर यायला लागले, की शेजारच्या टेबलावरचे साहेब फाइल उचलून खिडकीपाशी जाऊन बसायचे.

अशात गावात एका निसर्गोपचारवाल्या गृहस्थांचं व्याख्यान झालं. मी ते ऐकलं आणि पेटलो. मला पेटायला फार लागत नाही. त्याआधीच्या वर्षी मी शीर्षासनाने पेटलो होतो, तेव्हा घरातली मांडणी पडली होती.

"आजपासून साधं अन्न," मी चपला काढता काढता जाहीर केलं. "मैदा बंद, साखर बंद, वनस्पती तूप बंद, तळण तर अजिबात बंद. फोडणीसुद्धा नको. आणि गिरणीचं पीठ मेलेलं असतं."

"मग खायचं काय?" शालनने विचारलं.

"ज्वारीची भाकरी. हातसडीचा तांदूळ. गूळ. ताक."

तिने पदराला हात पुसले आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे लग्न होऊन आले तेव्हा मी वाढलं होतं, तेच ना?"

"ते वेगळं. तेव्हा ते अडाणीपणाने होतं. आता शास्त्राने आहे."

वनस्पती तुपाचा डबा तिने घासून घेतला आणि त्यात तुळस लावली.

माझा नेम चांगला चालला होता (कचेरीतली शेव मी घराबाहेर असल्यामुळे धरली नव्हती). तेवढ्यात कोल्हारहून माझा मेहुणा दत्तू आला. त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात धोंड्याचा महिना होता. हा जादाचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो आणि तो देवाने जावयांसाठीच काढलेला आहे. जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला बोलावायचं, पाय धुवायचे, पोट फुटेस्तोवर जेवू घालायचं आणि तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं. वाणाला जिन्नस जाळीदार लागतो म्हणून अनारसे. आमच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा.

"दाजी, आयतवारी या," दत्तू म्हणाला. "आईनं लई तयारी काढलीय."

आता खरं तर इथे "येतो" म्हणून गप्प बसायला हवं होतं. पण समोर ताजा श्रोता होता. मी त्याला मैद्यापासून गिरणीपर्यंत सगळं व्याख्यान दिलं आणि शेवटी म्हणालो, "तेव्हा मामींना सांग, माझ्यासाठी कढई चढवू नका. मला साधंच वाढा."

आपल्याकडे जेवणाच्या बाबतीत 'नको'ला काही अर्थ नसतो, हे मी गृहीत धरलं होतं. पाहुण्याने नको म्हणायचं, यजमानाने वाढायचं, पाहुण्याने पानावर आडवा हात धरायचा, यजमानाने बोटांच्या फटीतून वाढायचं. माझ्या डोळ्यांपुढे सगळं चित्र तयार होतं. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, आग्रह करणार, मी तीनदा नको म्हणणार, मग त्यांच्या शब्दाखातर मोठ्या मनाने बारा-पंधरा अनारसे खाणार. तत्त्वही राहिलं आणि अनारसेही गेले नाहीत.

दत्तूने मात्र बोटं मोजत सगळं पाठ केलं. "कढई न्हाई, साखर न्हाई, फोडनी न्हाई, गिरनी न्हाई. बरूबर?"

"बरोबर," मी म्हणालो. शालन दारात उभी राहून ऐकत होती आणि पदर तोंडाला लावून का हसत होती ते मला त्या वेळी कळलं नाही.

रविवारी मनमाड रोडच्या एस.टी.ने आम्ही कोल्हारला उतरलो. नेम आदल्या दिवशीपासून कडक पाळला होता, म्हणजे पोटात जागा हवी म्हणून उपाशीच होतो. घराजवळ येताच तुपाच्या तळणाचा असा वास आला की माझे पाय आपोआप भरभर पडायला लागले.

"मामींनी ऐकलं नाही वाटतं माझं," मी शक्य तितक्या नाराजीने म्हणालो.

"तो वास शेजारच्यांचा," शालन म्हणाली. "त्यांचाही जावई आलाय."

मामींनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाय धुतले, पायांवर कुंकवाची बोटं ओढली. सासरे, म्हणजे आमचे मामा, नवा फेटा बांधून बसले होते. कारखान्याचे सभासद असल्यामुळे त्यांच्या घरात साखरेचं पोतंच असायचं. त्या पोत्यावर आज घोंगडी टाकून ते झाकलं होतं, माझ्या नजरेला पडू नये म्हणून! चहाच्या जागी मला गूळपाणी मिळालं. सोबत सगळ्या घरालाही गूळपाणीच मिळालं, कारण नारायणासमोर आपण चहा कसा प्यायचा? मामांनी तो पेला औषधासारखा रिकामा केला आणि मिशा पुसल्या.

घरात मामांची बहीण सोनाआत्या मुद्दाम आली होती. शनिशिंगणापूरकडच्या तिच्या खेड्यातून, दोन एस.टी. बदलून. तोंडात दात नव्हता, पण अनारशाला दात लागत नाहीत, एवढ्या हिशेबाने आली होती.

पाट मांडले. माझ्या पाटाभोवती रांगोळी, बाजूला समई, उदबत्ती. ताट समोर आलं. ज्वारीची भाकरी, बिनफोडणीचं मुगाचं वरण, उकडलेला भोपळा, हातसडीचा भात, कांदा, ताक. माझ्या शब्दाप्रमाणे काना-मात्रेचासुद्धा फरक नव्हता. बरं, जावयाला एक आणि घराला एक असं वाढायची त्यांच्यात रीत नाही. त्यामुळे मामा, दत्तू, सोनाआत्या, सगळ्यांपुढे उकडलेला भोपळा.

"वाढू का अजून भोपळा?" मामींनी विचारलं.

"नको," मी म्हणालो आणि सवयीने पानावर आडवा हात धरून वाट पाहिली. मामी लगेच पातेलं घेऊन आत गेल्या.

सोनाआत्या भाकरी ताकात कुस्करत म्हणाली, "आमी काय रोज सोनं खातो व्हय? ह्येच खातो की. तीन सालातनं एक दिस येतो, तर त्यो बी असा."

"आक्का, गप," मामा म्हणाले. "पाव्हण्यांचा नेम हाय."

"नेम हाय तर पाव्हण्यांनी पाळावा. म्या काय बोलले हुते का नेम?"

मी वरणात बोट फिरवत खाली मान घालून बसलो. तेवढ्यात शेजारचे दोघं-तिघं मला बघायला आले. दत्तूने गावभर सांगितलं होतं की दाजींनी शहरात राहून कढई सोडली. एका म्हाताऱ्याने तर माझ्या पाया पडून गुडघेदुखीवर उपाय विचारला. उपाशीपोटी मी त्याला भोपळा सांगितला.

अजून वाणाची आशा होती. अनारसे वाणाचे असतात, ते काही जेवण नव्हे. जेवणं झाल्यावर मामींनी खणाने झाकलेलं पितळी ताट माझ्या हातात दिलं, वर दिवा. ताट चांगलं जड होतं. माझा ऊर भरून आला. दिवा बाजूला ठेवून मी हळूच खणाचं टोक वर केलं.

आत ज्वारीच्या भाकरी होत्या. तळहाताएवढ्या, तेहेतीस. आणि प्रत्येक भाकरीला बारीक बारीक भोकं.

"वान जाळीचं लागतं ना," मामी संकोचून म्हणाल्या. "अनारसं तर तुमाला चालत न्हाईत. मग येका येका भाकरीला काडीनं भोकं पाडली. द्येवाला चालंल म्हनं भटजी."

मी "वा" म्हणालो. शालन उठून अंगणात गेली आणि तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती, एवढं मी खात्रीने सांगतो.

पाणी प्यायच्या निमित्ताने मी आत गेलो. मामी चुलीपाशी बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर एक चिनी मातीची बरणी होती. मला पाहून त्यांनी घाईने डोळे पुसले. त्यांचे तळहात लाल झालेले आणि सोललेले दिसले.

"मामी, हाताला काय झालं?"

"काय न्हाई. जात्यावर दळलं. तुमाला गिरनीचं चालत न्हाई ना. तांदूळ बी उखळात सडला."

माझ्या साध्या जेवणासाठी ही बाई पहाटेपासून राबली होती. मला इतकं शरमल्यासारखं झालं की क्षणभर भूकसुद्धा गेली.

"आणि या बरणीत काय?"

"अनारशाचं पीठ," त्या म्हणाल्या. "दत्तू तुमच्याकडं यायच्या आधीच केलेलं. तांदूळ भिजवलं, सावलीत वाळवलं, कुटलं, गूळ घातला. ऱ्हाऊद्या. शालीचा पयला धोंडा म्हनून केलं हुतं. फुडच्या धोंड्याला म्या असंन का नसंन."

आता मामींचा हट्ट असता तर सोपं होतं. पण नारायणाचा शब्द मोडायची त्यांची छाती नव्हती. तो मोडायचा तर नारायणानेच मोडायला हवा होता, आणि बाहेर गुडघेदुखीवाला म्हातारा अजून बसलेला होता.

मी मोठ्याने घसा साफ केला. बाहेर ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, "मामी, यात साखर आहे?"

"न्हाई. गूळ हाय."

"मैदा?"

"मैदा कुठला? तांदूळ."

"गिरणी?"

"सांगितलं की, उखळात कुटला."

"तूप?"

"घरच्या म्हशीचं."

"मग हे तर शुद्ध निसर्गोपचाराचं अन्न आहे," मी म्हणालो. "हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

मामींनी बरणी खाली ठेवली. "पन तळनाचं काय? कढई नको म्हनला हुता तुमी."

इथे माझं शास्त्र अडलं. कढईवर व्याख्यान फार स्पष्ट होतं. बाहेरून सोनाआत्याचा आवाज आला, "परातीत तळ, पर तळ."

"वनस्पती तुपातलं तळण वाईट," मी तोडगा काढला. "घरच्या तुपात बुडवून काढणं वेगळं. ते तळण नव्हे."

पुढचं सगळं इतकं झटपट झालं की मला जरा संशयच आला. मामांनी स्वतः चुलीत काटक्या सारल्या. दत्तूने कढई उतरवली. मामी म्हणाल्या, "आगं बया, खसखस न्हाई घरात," तर शालनने पिशवीतून खसखशीची पुडी काढून पुढे केली. ती नगरहूनच घेऊन आली होती.

"तुला माहीत होतं?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"शीर्षासन किती दिवस टिकलं होतं?" ती म्हणाली.

पहिला अनारसा तुपात पडला, जाळी धरून फुलला आणि मामींच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला शालन पहिल्यांदा भाकरी वाढत होती तो दिवस आठवला. तेव्हाही तिचा चेहरा असाच होता आणि मी तिला नगर शिकवत होतो. मी तेव्हाच्या तेव्हा शालनची माफी मागायला हवी होती, पण तोंडात अनारसा होता.

मी किती खाल्ले ते विचारू नका. मामींनी पहिल्यांदा "अजून एक" म्हटलं, मी "नको" म्हणून पानावर हात धरला आणि त्यांनी बोटांच्या फटीतून वाढलं. मला इतकं बरं वाटलं! सोनाआत्याने माझ्याकडे न बघता माझ्यापेक्षा दोन जास्त खाल्ले. गुडघेदुखीवाला म्हातारा भोपळ्याचा उपाय विसरून पंगतीला बसला.

पण वाण ते वाण. एकदा हातात दिलेलं परत घेत नाहीत आणि टाकायचं तर नावच नको. अनारसे सगळे तिथेच संपले आणि मी नगरला परतलो ते तेहेतीस भोकांच्या भाकरी घेऊन. कचेरीत सगळे वाणातले अनारसे मिळणार म्हणून डब्याभोवती जमले होते. झाकण काढल्यावर ते एकेक करून आपल्या जागेवर गेले. पुढे कितीतरी दिवस मी त्या कडक भाकरी ताकात भिजवून खाल्ल्या. साधं अन्न मी तोवरच्या आयुष्यात नेमाने खाल्लं ते तेवढंच, आणि सांगायला लाज वाटते, पण ढेकर थांबले. साहेब खिडकीपासून परत आपल्या टेबलावर आले. मग मी शालनला म्हणालो, "तू पहिल्या सकाळी केलेल्या तशा भाकरी कर." ती म्हणाली, "अडाणीपणाने करू का शास्त्राने?" आणि पीठ मळायला बसली.

तीन वर्षांनी पुन्हा धोंडा आला, दत्तू आमंत्रण घेऊन आला.

"दाजी, औंदा काय सोडलंय?"

"बोलणं," मी म्हणालो.

कोल्हारला गेलो. मामी ठणठणीत होत्या. पाय धुतले, ओवाळलं, खणाने झाकलेलं ताट हातात दिलं. या वेळी मी सगळ्यांसमोर खण वर केला. तेहेतीस अनारसे होते, सोनेरी, खसखशीने भरलेले. आणि सगळ्यांत वर, पाव्हण्यांचा काय भरवसा म्हणून, भोकं पाडलेली एक भाकरी.

मी आधी तीच खाल्ली.