बाटलीतलं पाणी

सरकारी निधीतून आमच्या बोईसरकडची खाडी साफ करायचं काम निघालं. पाण्याचे नमुने घ्यायला मी दर महिन्याला एका म्हाताऱ्या कोळ्याच्या होडीतून जायचो. होडीत पाय ठेवण्याआधी खाडीचं पाणी कपाळाला लावायची कोळ्यांमध्ये रीत. हे बाबा मात्र त्यासाठी घरून बाटलीत नळाचं पाणी आणायचे. "हिचं लावलं तं आग होते," म्हणायचे.

काम संपलं, खाडी स्वच्छ झाल्याचा फलक लागला. शेवटच्या फेरीलाही बाटली होतीच.

"बाबा, आता खाडी साफ झाली," मी म्हणालो.

त्यांनी बाटलीला झाकण लावलं. "मंग पयले तुमी लावा."

नमुने घ्यायला घातलेले रबरी हातमोजे काढायची माझी छाती झाली नाही. बाबांनी बाटली उघडली आणि त्यातलं पाणी माझ्याही कपाळाला लावलं.