गावाची भाषा फोटोत काढायची होती

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, आणि मी लिहावं असंही कुणी सुचवलेलं नाही. तरी लिहितो आहे, याबद्दल माफी असावी.

राज्य मोडून भाषेप्रमाणे प्रांत पाडायचं ठरलं, तेव्हा नार्नूरकडच्या आमच्या सीमेवरच्या गावात सगळ्यात जास्त घोर मास्तरांना लागला. मला अक्षर त्यांनीच शिकवलं. गाव तेलुगू बाजूला राहिलं तर मराठी शाळा बंद होणार, आणि मास्तरांना तेलुगू येत नव्हती. म्हणून पाटलांनी कचेरीतल्या साहेबांच्या नावे अर्ज लिहवून घेतला : आमचं गाव मराठी आहे. पुरावा म्हणून फोटो जोडायचे ठरले. माझ्याकडे प्राध्यापकांचा मागून आणलेला डबा-कॅमेरा होता. रोल आठ फोटोंचा.

"पाटील, भाषा फोटोत कशी येईल?" मी भीत भीत विचारलं.

"कालेजात तू शिकून राह्यला, अन् इचारतो आमाले?"

कलावंताने स्फूर्तीची वाट पाहावी, असं प्राध्यापक सांगत. मी दोन दिवस पारावर बसून पाहिली. स्फूर्ती आली नाही, पाटील आले. मग फेटा बांधलेले पाटील, ज्वारीच्या कणसांसह पाटील, शाळेच्या दाराशी पाटील आणि त्यांच्यामागे अर्धे झाकलेले मास्तर, असे फोटो निघाले. सातव्यात माणसं कमी पडली म्हणून तेलुगू न्हाव्यालाही रांगेत उभं केलं.

"फोटो निंगेपर्यंत तू बोलू नको बाप्पा," पाटलांनी त्याला बजावलं.

घरी येताना कुंभाराच्या दारात आई दिसली. ती मराठीत घागरीची खोट काढत होती, कुंभारीण तेलुगूत ती खोडून काढत होती. मग आईने घागरीवर टिचकी मारली, आणि दोघी एकदम वाकून, कान लावून, गप्प ऐकत राहिल्या. कॅमेऱ्याची कळ कधी दाबली गेली ते मला कळलं नाही.

तो फोटो पाहून पाटील तापले. "यात मराठी कोन अन् तेलुगू कोन, कसं समजावं बे? काढून टाक तो!"

मी होकाराची मान हलवली. पण पाकीट टपालात टाकायचं काम माझ्याकडेच आलं, आणि मी आठवा फोटो आत सरकवला. मास्तरांची शाळा पणाला लागली होती आणि मला माझी कला साहेबांना दाखवायची होती. पुढे वर्षभर वसतिगृहात तेच मनाला खात राहिलं.

शेवटी मास्तरांचं कार्ड आलं.

"अनेक आशीर्वाद. गाव तेलुगू बाजूलाच राहिले. शाळा बंद नाही; तेलुगूत चालेल. मला सहा महिन्यांत भाषा शिकण्याचा हुकूम आहे. कुंभारीण बोलायला शिकवते, चुकलो की मडक्यावर टिचकी मारते. फोटो परत आले. शेरा आहे : भाषेचा बोध होत नाही. कचेरीच्या यादीत आठ लिहिले आहेत, आले सात. घागर ऐकणाऱ्या दोन बायकांचा फोटो साहेबांनी आपल्या टेबलावर ठेवून घेतला, असे शिपाई सांगत होता."