आधी पाडस, मग आई

आमच्या टायरॉलच्या दरीत व्हिन्सेन्झची सगळे थट्टा करत. जन्मभर लाकूडतोड केलेला हा सत्तरीचा माणूस शिकारीच्या दिवसांत पहाटे बंदूक घेऊन वर जाई आणि बहुतेक वेळा रिकाम्या हातांनी परते.

"बंदुकीला हवा खायला नेतोस का रे?" त्याची बायको बुर्गी विचारी.

"तिलाच नेतो. तुझे गुडघे कुठे चढतात?"

हरीण बाजू दाखवत आडवं उभं नसेल, नेमाची खात्री नसेल, तर तो चाप ओढत नसे. आणि हरिणीच्या बाबतीत एक नियम होताच : मारायचं तर आधी पाडस, मग आई. आईवेगळ्या पाडसाला कळप हुसकावतो. बर्फात ते उपाशी मरतं.

त्या नोव्हेंबरात रानाच्या कडेला एक हरिणी एकटीच आली. व्हिन्सेन्झ पाऊण तास थांबला. मागून कोणी आलं नाही. गोळी लागताच ती जागीच कोसळली. त्याने स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडाची डहाळी मोडून रिवाजाप्रमाणे शेवटचा घास म्हणून तिच्या तोंडात ठेवली. दुसरी डहाळी शिकार साधल्याची खूण म्हणून टोपीत खोवायची, त्याआधी त्याने कास चाचपली. बोटं दुधाने ओली झाली.

डहाळी त्याने खाली ठेवली.

"कोणी पाहिलं का?" घरी बुर्गीने हळूच विचारलं.

"मी पाहिलं."

त्याच संध्याकाळी शिकार-प्रमुखाकडे जाऊन त्याने चूक सांगितली. मग रोज पहाटे तो त्याच कडेला बसू लागला. रविवारी बर्फ येणार होतं. त्याआधी पाडस सापडायला हवं होतं.

शनिवारी ते आलं. आई पडली होती तिथलं गवत त्याने हुंगलं, मान वर करून हाक मारली. ते त्याच्याकडे तोंड करून उभं होतं. आडवं होईपर्यंत व्हिन्सेन्झला ती हाक ऐकत बसावं लागलं. तीनदा. मग ते वळलं.

त्याच्याही तोंडात त्याने डहाळी ठेवली. टोपी मात्र हिवाळाभर बोडकीच राहिली. गुत्त्यात कोणी विचारलंच, तर तो का ते सरळ सांगे.

पुढच्या नोव्हेंबरात एका सकाळी तो रिकाम्या हातांनी परतला.

"आलास हवा खाऊन?"

"हरिणी होती. एकटीच."

बुर्गीने त्याच्या बुटांकडे पाहिलं. गुडघ्यापर्यंत भिजले होते.

"किती वेळ बसलास?"

"ती जाईपर्यंत."

तिने सूप पुन्हा चुलीवर ठेवलं.